रानची चेरी आणि तिचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला व्याख्यान म्हटले की वक्तीने आरोग्यावर, मुलांच्या संगोपनावर किंवा संतांच्या अभंगांवर बोलावे अशी आपल्या मंडळाची रीत आहे. मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका. त्या तिन्ही विषयांत माझा अधिकार नाही. म्हणून चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी म्हटले, मी करवंदीवर बोलते. त्यांना ते थट्टेचे वाटले. 'करवंदीवर तासभर काय बोलणार?' असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. परंतु यंदाच्या पावसाळ्यात मंडळ आपल्या गावामागच्या टेकडीवर वृक्षारोपण करणार आहे, आणि त्यासाठी टेकडीवरची 'काटेरी झुडपे साफ करून' खड्डे खणायचे असे कार्यक्रमपत्रिकेत छापले आहे. ती काटेरी झुडपे म्हणजे बहुतांशी करवंदी. तेव्हा बोलायचे ते आताच, पावसाच्या आधी. खड्डे झाल्यावर बोलून उपयोग नाही.

मघाशी अल्पोपाहाराला जो केक आला, त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक लालभडक चेरी होती. मुलांनी ती आधी वेचून खाल्ली. ती चेरी खरी चेरी असेलच असे नाही. खरी चेरी गुलाबाच्या कुळातली. काश्मीर-हिमाचलातून ती उन्हाळ्यात पेटीतून येते आणि तिचा भाव ऐकून आपण पुढच्या गाडीकडे वळतो. पानात, पावात, आइस्क्रीमवर जी स्वस्त चेरी असते, ती पुष्कळदा आपले करवंदच असते. कच्चे करवंद घ्यायचे, त्यातल्या बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात मुरवून त्याचा चीक आणि आंबटपणा घालवायचा, रंगात बुडवायचे आणि साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्याने शिजवायचे. पाक आत शिरला की करवंदाला स्वतःची म्हणून काही चव उरत नाही, आणि मग त्याला चेरी म्हणता येते. आमच्याकडच्या मुलीने शहरात जाऊन नाव बदलावे आणि माहेरी कोणी तिला ओळखू नये, तसाच हा प्रकार आहे.

या चेरीची शास्त्रीय ओळख थोडक्यात सांगते. संस्कृतात तिला करमर्द म्हणतात, हिंदीत करौंदा. लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1767 मध्ये तिला 'करिसा करंडास' हे नाव दिले. त्यातले करंडास हे आपल्याकडच्या बोलीतल्या नावावरूनच घेतलेले आहे. सह्याद्रीत रानोमाळ दिसणारी करवंदी आणि बागेत कुंपणाला लावतात ती मोठ्या फळाची करवंदी या दोन जाती मानाव्यात की एक, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. आपल्याला दोन्ही आंबटगोडच लागतात. कुळ मात्र निश्चित आहे, कण्हेरीचे. सदाफुली, पांढरा चाफा, कुडा, सातवीण ही सारी तिची भावंडे. पान तोडले की पांढरा चीक येतो, तो या घराण्याचा शिक्का. पाने समोरासमोर जोडीने, जाड, चकचकीत, बारमाही हिरवी. काटे जोडीने, आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले. माघ-फाल्गुनात पांढरी फुले येतात. त्यांचा वास जाईजुईची आठवण करून देतो आणि संध्याकाळनंतर अधिक दरवळतो, कारण त्या लांब नळीतला मध प्यायला येणारे पाहुणे म्हणजे मुख्यतः पतंग आणि फुलपाखरे. चैत्रात हिरवी फळे, वैशाखात लाल आणि मग काळी. पहिला पाऊस पडला की फळ बेचव होते आणि हंगाम संपतो.

खाण्याबद्दल तुम्हांला मी सांगावे असे काही नाही. हिरव्या करवंदांचे लोणचे, करवंद आणि कैरीची चटणी, पिकल्यावर सरबत आणि मुरंबा हे प्रत्येकीच्या घरात आईकडून आलेले आहे. एवढेच सांगते की करवंदात पेक्टिन भरपूर असल्यामुळे त्याची जेली बाहेरचे काही न घालता उत्तम जमते, आणि ज्यांना पेरूची जेली दरवर्षी दगा देते त्यांनी एकदा अर्धी कच्ची, अर्धी पिकलेली करवंदे घेऊन पाहावे. करवंदाने रक्त वाढते, पित्त जाते वगैरे जे बोलले जाते त्यात मी शिरत नाही. तो वैद्यांचा प्रांत. माझ्यापुरते, वैशाखातल्या दुपारी करवंद फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळल्याने मन प्रसन्न होते, एवढा गुण मला पुरेसा आहे. आतून लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. आपल्या नातवंडांना हा खेळ येतो का, हे आज घरी गेल्यावर जरूर विचारा.

आता विषयाच्या गाभ्याकडे वळते. कोणतीही वनस्पती सुरक्षित आहे की धोक्यात आहे, हे ठरवतात कसे? जगात निसर्गसंरक्षणाचे काम करणारा एक आंतरराष्ट्रीय संघ 1948 मध्ये स्थापन झाला आणि 1964 पासून त्याची 'लाल यादी' आहे. या यादीत पायऱ्या आहेत. सर्वांत वर अस्तंगत, म्हणजे जे गेलेच. त्याखाली अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित. मग धोक्याच्या उंबरठ्यावरची, आणि शेवटी फारशी चिंता नसलेली. पायरी ठरवायला मोजमाप आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, जातीची संख्या साधारण तीस टक्क्यांनी घटली तर ती असुरक्षित, पन्नास टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त, ऐंशी टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त. ती किती मोठ्या प्रदेशात पसरलेली आहे, त्या प्रदेशाचे तुकडे पडले आहेत का, एकूण किती झाडे उरली आहेत, हेही पाहतात. आपल्या देशातही भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेने 1987 ते 1990 या काळात नायर आणि शास्त्री यांच्या संपादनाखाली धोक्यातील वनस्पतींचे तीन खंड काढले.

या कोणत्याही धोक्याच्या यादीत करवंदीचे नाव नाही. असण्याचे कारणही नाही. ती कोकणात आहे, घाटमाथ्यावर आहे, देशावरच्या डोंगरांवर आहे, महाराष्ट्राबाहेरही दूरवर आहे. संपूर्ण जातीचा विचार केला तर ती आज नाहीशी होत नाही, उद्याही होणार नाही. हे मी आधी स्वच्छ सांगते, कारण निसर्गावर बोलणाऱ्यांना प्रत्येक गोष्ट मरणपंथाला लागली आहे असे सांगण्याची सवय असते, आणि श्रोत्यांचा मग कशावरच विश्वास राहत नाही.

करवंदीच्याच कुळातले दुसरे टोक पाहा. शिवनेरीच्या कड्यावर 'शिंदळ माकुडी' नावाची एक मांसल पानांची वनस्पती उगवते. तिला गर्द तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले येतात. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला दिले. ही फक्त महाराष्ट्रात, मोजक्या डोंगरकड्यांवर आहे, आणि जगातील सर्वांत धोक्यातील वनस्पतींत तिची गणना झाली. एखाद्या कड्यावरची दरड कोसळली तर तिच्या साऱ्या अस्तित्वाचा मोठा हिस्सा जाईल. तिच्यासाठी यादी हवीच, आणि यादीमुळे तिच्याकडे लक्षही गेले, रोपे तयार करून पुन्हा डोंगरांवर लावण्याचे प्रयत्न झाले. या माकुडीच्या मानाने आपली करवंदी खाऊनपिऊन सुखी आहे.

मग मी तुमचा वेळ का घेते आहे? कारण यादी जातीचा हिशेब ठेवते, जाळीचा ठेवत नाही. हा फरक आपल्या व्यवहारात फार मोठा आहे. देशात तांदूळ भरपूर पिकला म्हणून आपल्या घरचा डबा भरलेला असतो असे नाही. करवंदीची जात भारतभर टिकली तरी आपल्या टेकडीवरची जाळी गेली की आपल्यापुरती करवंदी गेली. तिथले बुलबुल, तिथले ससे, तिथे करवंदे वेचायला येणाऱ्या बायका, यांना शेजारच्या जिल्ह्यातल्या करवंदींचा काय उपयोग?

शिवाय भरपूर असणे ही शाश्वती नव्हे. दोन उदाहरणे देते. आपल्या लहानपणी मेलेल्या ढोराभोवती गिधाडांचे थवे उतरत. तो देखावा कोणाला आवडत नसे, आणि गिधाडांची काळजी करावी असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. 1990 च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली आणि पांढऱ्या पाठीच्या जातीतली शंभरातली नव्याण्णव गेली. 2000 मध्ये ती अतिसंकटग्रस्त ठरली. कारण निघाले गुरांना टोचायचे एक वेदनाशामक औषध, डायक्लोफेनॅक. औषध टोचलेले जनावर मेले की ते खाणारी गिधाडे मूत्रपिंड बिघडून मरत. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पक्षी मात्र अजून परत आलेले नाहीत.

दुसरे उदाहरण वनस्पतीचे, आणि सह्याद्रीतलेच. नरक्या. काही ठिकाणी त्याला अमृता म्हणतात. नावातली ही गंमत पाहा, फोडले तर घाण येते म्हणून नरक्या, आणि औषध म्हणून अमृता! दमट रानातले हे साधे झाड, कोणी ढुंकून पाहत नव्हते. 1966 मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कर्करोगावर उपयोगी पडणारे कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले की तेच द्रव्य आपल्या नरक्यात आहे. पुढे त्याला परदेशांतून मागणी आली आणि सह्याद्रीतला नरक्या मुळासकट तोडून पोत्यांनी जाऊ लागला. ज्याला कुणी विचारत नव्हते त्याचे नाव पाहता पाहता धोक्याच्या यादीत गेले. म्हणून करवंदीला यादीत जागा नाही हे वाचून निर्धास्त होणे बरे नव्हे. यादी झालेल्या नुकसानीची नोंद करते. नुकसान होण्याच्या आधी ती दार ठोठावीत नाही.

करवंदीची जाळी जाते ती कशाने? कोयत्याने नाही, हे प्रथम लक्षात घ्या. सरपणासाठी, कुंपणासाठी गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या करवंदी तोडली, आणि तोडलेल्या खुंटातून ती पुन्हा फुटली. शेळ्या तिची कोवळी टोके खातात, काट्यांपुढे थांबतात. एखाद्या वणव्यातूनही ती जमिनीखालच्या मुळांवर सावरते. दरवर्षी वणवा लागला तर मात्र नवीन रोप उभे राहत नाही, आणि जुनी जाळी खुरटत जाते. तिचा खरा काळ म्हणजे जेसीबी. लोखंडी दातांनी खुंट, मूळ आणि वरची वीतभर माती एकाच घासात उचलली की फुटायला काही उरत नाही. कर्जत, मुरबाड, मुळशी या बाजूला डोंगरउताराचे जे चौकोनी तुकडे पडून विकले गेले, त्यांच्यावर पहिले काम होते ते हेच. आधी सपाटी, मग तारेचे कुंपण, मग हिरवळ, आणि त्या हिरवळीभोवती विकत आणलेल्या शोभेच्या झुडपांची रांग. कोकणात सड्यावरचा जांभा चिऱ्यांसाठी खणला जातो, तिथे कपारीत रुजलेली करवंदी दगडाबरोबरच जाते. शेताच्या बांधावरची करवंदी सिमेंटच्या खांबांनी घालवली. यांतली कोणतीही एक गोष्ट एकटी पाहिली तर क्षुल्लक आहे. कोणी करवंदीचे वैर धरून हे केलेले नाही.

आणि सरकारी कागदावर या जाळीला नाव काय आहे? 'पडीक'. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह उपग्रहाच्या छायाचित्रांवरून निघतो, त्याच्या 2019 च्या आवृत्तीतही दाट झुडपांची जमीन आणि विरळ झुडपांची जमीन हे पडीक जमिनीचेच प्रकार धरले आहेत. एकदा पडीक म्हटले की तिथे काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते. घरात बसून राहणाऱ्या सुनेला 'ही काही करीत नाही' म्हणावे आणि तिने दिवसभर केलेली सतरा कामे कोणी मोजू नयेत, त्यातलाच हा न्याय आहे.

ही 'काही न करणारी' जाळी काय करते ते सांगते. उघड्या उतारावर जांभळाचे बी पडले आणि उगवले तर पहिल्याच उन्हाळ्यात ते शेळीच्या तोंडी जाते. तेच बी करवंदीच्या जाळीत पडले तर काट्यांचे कुंपण आयते, सावली आयती, खाली कुजलेल्या पानांची ओल आयती. आणि बी तिथेच पडण्याचा संभवही अधिक, कारण फळे खाणारा बुलबुल जाळीवरच येऊन बसतो. अशी दोन-चार रोपे जाळीतून डोके वर काढतात आणि शेळीच्या उंचीपलीकडे गेली की निर्वेध वाढतात. ज्यांनी डोंगरात डोळे उघडे ठेवून भटकंती केली आहे त्यांनी हिरडा, जांभूळ, अंजनी यांचे झाड करवंदीच्या मधूनच वर आलेले पाहिले असेल. म्हणजे रान वाढवणारी सुईण म्हणा, दाई म्हणा, ती ही. तित्तर आणि ससे तिच्या आडोशाला राहतात. कोल्हा आणि उदमांजर फळे खाऊन बिया दूर नेतात. उतारावरची माती तिच्या मुळांनी धरलेली असते. आणि ती जागेवर फुकट आहे, तिला पाण्याचा टँकर लागत नाही.

माणसांचा हिशेब राहिला. आपल्या बाजाराच्या दिवशी वैशाखात ठाकरवाडीच्या आणि कातकरवाडीच्या बायका पळसाच्या द्रोणांत करवंदे, तोरणे, आळू घेऊन बसतात. 'डोंगरची काळी मैना' ही आरोळी आता पूर्वीइतकी ऐकू येत नाही, पण द्रोण अजून आहेत. त्यांच्या हातांवरचे ओरखडे कधी पाहिले आहेत का? पहाटे अंधारात निघायचे, ऊन चढण्याआधी एकेक फळ काट्यांतून वेचायचे, डोक्यावर पाटी घेऊन चालत खाली यायचे. भातशेतीची कामे सुरू होण्याआधीचे हे दोन महिने त्या घरांत सर्वांत ओढीचे. मजुरी नाही, घरचे धान्य संपत आलेले. त्या वेळी हातात रोख येते ती या फळांची, आणि ती बाईच्या हातात येते. पेरणीच्या आधीचे मीठमिरची, मुलांच्या वह्या यातून निघतात. कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातले गौण उत्पन्न गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला आहे. परंतु तो हक्क जंगलाच्या जमिनीवर चालतो. ज्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या जाणे-येणे होते तो उतार खासगी झाला, तारेचे कुंपण पडले, की कायद्याचा कागद हातात असून पाटी रिकामीच. म्हणून बाजारात कधी एखादी म्हणते, 'बाई, यंदा लांब जावे लागले,' तेव्हा ते महाग विकण्यासाठी केलेले रडगाणे समजू नका. भाव करताना एवढे ध्यानात ठेवा. दोन रुपयांसाठी घासाघीस आपण जिथे करायची तिथे, म्हणजे मॉलमध्ये, करीत नाही.

कोणी म्हणेल, करवंदीची लागवड करता येते, मग रानातल्या जाळीचे एवढे काय? लागवड होते, आणि चांगली होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे. उत्तरेत पंतनगरच्या जाती आहेत. ज्यांना परसात जागा आहे त्यांनी जरूर लावावी. एक सूचना करते, बी ताजे असतानाच पेरा. पिकल्या फळातले बी धुऊन लगेच वाफ्यात टाकले तर उगवते, सुकवून डब्यात ठेवले तर उगवण्याची शक्ती लवकर जाते. परंतु बागेत एका चांगल्या झाडापासून अनेक झाडे केली जातात. रानात प्रत्येक जाळीचे फळ वेगळे, कुठे गोल, कुठे लांबट, कुठे आंबट, कुठे साखर. कोणत्या जाळीचे गोड हे गावातल्या मुलांना ठाऊक असते. उद्या याहून चांगली जात काढायची तर विद्यापीठालाही निवड करायला रानातच यावे लागेल. दुकान बंद करून उंची वस्त्र कुठून आणणार?

आता आपल्या टेकडीकडे येते. वृक्षारोपणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर 'बाई झाडांच्या विरुद्ध बोलल्या' अशी वार्ता पसरायची. टेकडीचा दक्षिणेकडचा उतार खरोखर उघडा आहे. तिथे खड्डे घ्या. पश्चिमेच्या अंगाला, देवळाच्या मागे, जी जाळी आहे तिला हात लावू नका. तिथे साफसफाईच करायची असेल तर घाणेरी काढा. घाणेरी परदेशातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आपल्या देशात आली आणि आता करवंदीच्याच जागेवर माजते. मजुरांना 'काटेरी झुडपे काढा' एवढेच सांगितले तर ते दोन्ही काढतील, कारण काटे दोघींनाही आहेत. ओळख सोपी आहे. घाणेरीचे पान खरखरीत, चुरगळले की उग्र वास, फुले रंगीबेरंगी गुच्छांची, आणि चीक नाही. करवंदीचे पान गुळगुळीत, तोडले की पांढरा चीक. ज्या झुडपातून दूध येते ते ठेवायचे, एवढे एक वाक्य मजुरांना पुरे.

रोपेही कोणती लावायची याचा पुन्हा विचार व्हावा. रोपवाटिकेतून गुलमोहोर आणि गिरिपुष्प स्वस्त मिळतात म्हणून यादीत आले आहेत. मला विचाराल तर निम्मी रोपे जांभूळ, हिरडा, बेहडा यांची घ्यावीत आणि त्यांतली काही सरळ जाळीच्या कडेला, काट्यांच्या आडोशाला लावावीत. त्यांना लोखंडी जाळीचा पिंजरा विकत घ्यावा लागणार नाही. खजिनदारबाईंना ही सूचना तरी पसंत पडेल अशी आशा आहे.

आणखी एक काम आहे, ते कागदाचे आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला एक जैवविविधता समिती असते, आणि तिने लोकांना विचारून गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंदवही करायची असते. 2020 च्या सुमारास मुदत गाठण्यासाठी अशा नोंदवह्या पुष्कळ ठिकाणी घाईघाईने भरल्या गेल्या. आपल्या गावच्या वहीत करवंदीची एक ओळ आहे, नाव आणि 'फळ खातात' एवढीच. जाळ्या किती, कुठे, कोण वेचते, हंगाम कधी, पूर्वी कुठे होत्या आणि आता नाहीत, यातले काही नाही. ही माहिती शास्त्रज्ञांकडे नाही. ती तुमच्याकडे आहे, आणि वाडीवरच्या बायकांकडे तुमच्याहून अधिक आहे. या नोंदीत दुरुस्ती सुचवता येते. उद्या कोणी टेकडी 'पडीक' म्हणून मागितली तर दाखवायला गावाच्या वहीत चार ओळी असाव्यात. त्या ओळींनी टेकडी नक्की वाचेल असे वचन मी देऊ शकत नाही. नोंदच नसेल तर बोलायला तोंडही राहत नाही, एवढे मात्र खरे.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी सात वाजता देवळाशी जमायचे. अध्यक्षबाईंची संमती मी आताच घेतली आहे. वाडीवरच्या दोघी-तिघी येतो म्हणाल्या आहेत, त्या पुढे चालतील. प्रत्येकीने जुन्या लाल लुगड्याच्या किंवा साडीच्या हातभर चिंध्या आणाव्यात. ठेवायच्या जाळ्यांना त्या बांधायच्या आहेत, म्हणजे मजुरांना लांबून दिसतील. पूर्ण बाह्यांचा पोलका घालावा, पायांत चपला नकोत, बूट असावेत. वही आणि पेन्सिल मी आणते. फळे पिकू लागली आहेत, तेव्हा सोबत डबाही असू द्या, मात्र वाडीवरच्या बायकांच्या नेहमीच्या जाळ्या कोणत्या ते आधी विचारून मगच हात लावायचा.